नपुंसकलिंगी मूल : कृष्णाकाठच्या बालरंजनाचा एक पूर्वेतिहास

१

मराठीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘लेकरू’, ‘बाळ’, ‘कार्टे’ हेही त्याच वर्गातले. ते रडते, ते रांगते, ते झोपी जाते. जन्मलेल्या जिवाला काही काळ केवळ ‘ते’ म्हणून राहू देण्याची मुभा या भाषेने दिलेली आहे. मूल स्वतःविषयी बोलू लागले, की मात्र ही मुभा संपते. ‘मी आलो’ म्हणावे की ‘मी आले’, याची निवड त्याला करावीच लागते. इंग्रजी कथेतला प्रथमपुरुषी निवेदक आपले लिंग शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवू शकतो. मराठी कथेत ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच उघड होते. मुलांसाठी मराठीत लिहिणाऱ्याला, नाटक रचणाऱ्याला किंवा जाहिरात बेतणाऱ्याला ‘मूल’ सोडून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ यांपैकी एकाची वाट धरावी लागते, ती अशी व्याकरणापासूनच.

ही सक्ती सर्वत्र सारखी नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात बायका-मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे सहज वापरतात. पुण्याकडच्या माणसाला ती ऐकून हसू येते. बोलणारीला मात्र त्यात आपण पुरुषी काही बोललो असे वाटत नाही. शाळेत गेल्यावर मास्तर हे रूप दुरुस्त करतात आणि वहीत ‘आले’ लिहिले जाते. मुलीच्या तोंडून प्रमाणभाषा जी पहिली दुरुस्ती करवून घेते, ती अशी लिंगाची असते.

बालरंजनातील लिंगभावाविषयी सामान्यतः दोन मते मांडली जातात. एका मताप्रमाणे गुलाबी बाहुल्या, राजकन्या आणि लाडीक चेहऱ्याच्या चित्रपट्ट्या ही परदेशी बाजाराची देणगी आहे. आपली लोकसंस्कृती त्यापासून मुक्त होती. दुसऱ्या मताप्रमाणे बाजाराने नवे काहीच केले नाही. परंपरेने मुलीच्या हाती भातुकली दिलीच होती, बाजाराने ती प्लास्टिकची केली इतकेच. ही दोन्ही मते अपुरी आहेत. कराडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठाचा बालरंजनाच्या दृष्टीने विचार केला, तर हे अपुरेपण विशेष स्पष्ट होते. कारण मराठी रंगभूमी, मराठी मासिक आणि मराठी सुधारणावाद या तिन्हींचे धागे या पट्ट्यात एकत्र येतात.

२

कराडजवळचे टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. १८५६ साली तेथे जन्मलेल्या आणि कराडात प्रारंभीचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारका’तून जे प्रश्न उभे केले, त्यांत मुला-मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न अग्रभागी होता. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हा त्यांच्या एका प्रसिद्ध निबंधाचा सिद्धान्त. त्यांच्या काळातील अनेक सुधारकांना मुलींचे शिक्षण मान्य होते; पण ते वेगळे, गृहिणीपदास साजेसे असावे अशी त्यांची धारणा होती. आगरकरांचे वेगळेपण ‘एकच’ आणि ‘एकत्र’ या दोन शब्दांत आहे. पोशाखाचा प्रश्नही त्यांना क्षुल्लक वाटला नाही. स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाहीत यावर त्यांनी लिहिले, ते शरीराला काय सोयीचे आणि समाजाला काय सवयीचे यांतील फरक दाखवण्यासाठी.

शिक्षणाविषयी मांडलेला हा विचार रंजनाला मात्र लागू झाला नाही. शाळा हे सुधारणेचे क्षेत्र मानले गेले. खेळ, गाणी, गोष्टी, सण यांना ‘निरुपद्रवी’ ठरवून सुधारकांनी बाजूला ठेवले. आगरकरांनंतर शाळेतला बाक हळूहळू एक झाला, अंगण मात्र दोनच राहिले. एका अंगणात विटी-दांडू, हुतूतू आणि तालमीची माती. दुसऱ्यात सागरगोटे, फुगड्या आणि हादगा. कराडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवते झाले, तेव्हा पहिल्या अंगणाला एक दैवत लाभले. दुसऱ्या अंगणातल्या खेळांना स्पर्धाही नव्हती आणि पदकही नव्हते. तेथे होती ती गाणी.

३

हादग्याचे स्वरूप सर्वपरिचित आहे. हस्त नक्षत्रात पाटावर किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र मांडायचे, त्याभोवती मुलींनी फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करत सोळाव्या दिवशी सोळा गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात. खेळणाऱ्या मुली अविवाहित असतात. गाणी मात्र सासर-माहेराची असतात. आठ-दहा वर्षांची मुलगी सासू, नणंद, दीर यांच्याविषयी गाते. साचेबंद भूमिकेचे याहून उघड प्रशिक्षण शोधून सापडणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

गाण्यांचा आशय पाहिला, की हे मत इतके सरळ राहत नाही. एका गाण्यात सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू ती कारल्याच्या वेलाच्या वाढीवर टांगून ठेवते. बी पेरले जाते, वेल येतो, कारली लागतात, भाजी होते, उष्टे निघते. परवानगीची पायरी मात्र दर वेळी पुढे सरकते. सत्तेचे सर्वांत परिणामकारक साधन नकार हे नसून लांबणीवर टाकणे हे आहे, ही गोष्ट त्या फेरातील मुलगी हसत-खेळत शिकते. दुसऱ्या एका गाण्यात वेड्या नवऱ्याची फजिती आहे. बायकोने केलेले लाडू त्याला चेंडू वाटतात, एकेका पदार्थाचे तो असेच काहीतरी करून टाकतो. प्रत्येक कडव्याला हशा होतो. शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते. ती मेली असे समजून तो तिला जाळून टाकतो, आणि गाणे त्याच चालीत संपते. या शेवटाला मुली हसतात. त्या हसण्यात काय काय आहे, याचा विचार बालरंजनाच्या इतिहासाने गंभीरपणे केलेला नाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या सामग्रीला प्रतिष्ठा दिली. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहिणाऱ्या दुर्गा भागवत १९७५ मध्ये कराडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणीतील लेखनस्वातंत्र्याचा त्यांनी तेथे केलेला उच्चार इतका गाजला, की ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि संमेलनाच्या इतिहासात या पदावर आलेल्या त्या केवळ दुसऱ्या स्त्री होत्या, ही बाब झाकली गेली. सांगलीच्या तारा भवाळकर यांनी लोकगीतांतून स्त्रीच्या आत्मस्वराचा शोध घेतला. २०२५ मध्ये दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. या अभ्यासपरंपरेने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. परंपरेने मुलीला दिलेले अंगण अरुंद होते. पण त्या अंगणात बोलणारी तीच होती. भूमिका लादलेली होती, भूमिकेवरचे भाष्य तिचे होते.

४

रंगभूमीवर नेमके याच्या उलट घडले. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून सुमारे शतकभर मराठी प्रेक्षकाने जी सीता, जी शकुंतला, जी भामिनी पाहिली, ती पुरुषदेहात. स्त्रीपार्टी नटांच्या या परंपरेचे शिखर म्हणजे आजच्या पलूस तालुक्यातील नागठाण्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते बालगंधर्व. १९०५ मध्ये मिरजेला शकुंतलेच्या भूमिकेत त्यांचे पदार्पण झाले. पुढे घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे, केशरचनेचे अनुकरण केले. स्त्रीने कसे दिसावे हे पुरुषाने रंगमंचावर ठरवावे आणि स्त्रीने ते घरी गिरवावे, अशी ही उलटी वाट होती. लिंगभाव हा देहधर्म नसून शिकून घेतलेला वेष आहे, असे अलीकडचे सिद्धान्तन सांगते. कृष्णाकाठच्या प्रेक्षकाला ते सिद्धान्त म्हणून ठाऊक नव्हते; पण बालगंधर्वांचा पदर सावरताना पाहिलेल्या माणसाला त्याचा अनुभव निश्चित होता.

मराठी बालनाट्याने ही परंपरा एका वेगळ्या टोकाला नेली. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’च्या प्रयोगाने मुलांसाठी स्वतंत्र रंगभूमी उभी करण्यास प्रारंभ केला. या रंगभूमीचे संस्थापन एका स्त्रीने केले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे बालप्रेक्षकांत सर्वाधिक लोकप्रिय ठरलेल्या पात्रांत मात्र रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण अग्रेसर आहे. दिलीप प्रभावळकरांनी ती साकारली आणि २०१८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगांत वैभव मांगले यांनी. दोन्ही नटांचे कौशल्य वादातीत आहे. प्रश्न कौशल्याचा नाही. आदर्श स्त्रीचे रूप पुरुषदेहाने घडवले होते, तसेच हास्यास्पद आणि भयानक स्त्रीचे रूपही पुरुषदेहातच मुलांसमोर येते, हा क्रम विचारात घेण्यासारखा आहे. मोठ्या माणसांच्या रंगभूमीवरून स्त्रीपार्टी नट नाहीसा झाला. मुलांच्या रंगभूमीवर तो चेटकीण होऊन टिकला.

चेटकीण ही केवळ परीकथेतील आकृती असती तर एवढ्यावर थांबता आले असते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात करणी-भानामतीचा आळ घेऊन स्त्रियांना छळल्याची, गावाबाहेर काढल्याची प्रकरणे घडत आलेली आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर अस्तित्वात आला, आणि अशा छळाला त्याने अपराध ठरवले. नाट्यगृहात खिदळणारे मूल आणि आळ घेतलेली म्हातारी यांच्यात सरळ कार्यकारणसंबंध जोडणे अन्यायाचे होईल. तथापि कुरूप, एकटी, वयस्क स्त्री पाहताच भीती आणि हसू एकाच वेळी उमटावे, ही सवय लहानपणीच लागते, आणि तिला नाव देणारा शब्द दोन्ही ठिकाणी एकच आहे.

५

मुद्रित बालरंजनाचा धागा कराड-सांगली लोहमार्गावरील किर्लोस्करवाडीशी येऊन मिळतो. १९१० मध्ये वसलेल्या या कारखान्याच्या गावातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखाना, त्याचा माल आणि त्याचे ग्राहक यांना जोडणारे पत्रक म्हणून त्याचा आरंभ झाला. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकीय दृष्टीमुळे त्याचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ यांची त्यात भर पडली. वाचकवर्गाची लिंग आणि वय यांनुसार विभागणी करून प्रत्येकासाठी वेगळे नियतकालिक काढणे, ही आज विपणनशास्त्रात शिकवली जाणारी गोष्ट कृष्णाकाठच्या एका नांगराच्या कारखान्याने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी केली होती.

या विभागणीचा परिणाम मात्र एकपदरी नव्हता. ‘स्त्री’ने स्वयंपाक आणि विणकाम दिले, तसेच घटस्फोट, संततिनियमन आणि मिळकत यांविषयी बोलण्याची जागाही दिली. बाजाराने आखलेले स्त्रियांचे अंगण असे त्याचे वर्णन करता येईल. हादग्याप्रमाणेच येथेही आखणी दुसऱ्याची होती आणि आतला आवाज काही अंशी स्त्रियांचा होता. लिंगानुसार केलेली प्रत्येक विभागणी सारखीच दडपणारी असते, हे मत या उदाहरणापुढे टिकत नाही.

ना. धों. ताम्हनकर यांचा या किर्लोस्करवाडीशी निकटचा संबंध होता. त्यांनी मराठी मुलांना ‘गोट्या’ दिला आणि ‘चिंगी’ही दिली. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन पात्रांचे भवितव्य मात्र भिन्न झाले. गोट्या दूरदर्शनच्या मालिकेतून घराघरांत पोहोचला आणि ‘मराठी मुलगा’ याचे प्रतिरूप बनला. चिंगी जुन्या वाचकांच्या आठवणीत राहिली. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सायकल मिळाली आणि तिच्यासह सारा मुलूख मिळाला. मराठी बालसाहित्यात मुली नव्हत्या असे नाही. त्यांचे पुनर्मुद्रण, माध्यमांतर आणि स्मरण कमी झाले. वाङ्मयेतिहासात एखादे पात्र मागे पडते, ते त्याच्या गुणावगुणांमुळेच असे मानण्याची सवय आहे. येथे कारण निवडीच्या व्यवस्थेत आहे. मुलगी मुलाची गोष्ट वाचेल, पण मुलगा मुलीची गोष्ट वाचणार नाही, हे गृहीतक प्रकाशकाने, शिक्षकाने आणि पुढे मालिकानिर्मात्याने न तपासता स्वीकारले.

गाण्याच्या प्रांतात एक अपवाद याच मातीने दिला आहे. सांगली जिल्ह्यातील शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी गायलेले, १९५३ च्या ‘देवबाप्पा’तील ‘नाच रे मोरा’ हे गीत आज्ञार्थावर उभे आहे. गाणारे मूल मोराशी बोलते. स्वतः मुलगा आहे की मुलगी, हे शब्दांतून कळत नाही. ज्या भाषेत ‘मी’ म्हणताच लिंग उघडे पडते, त्या भाषेत ‘तू’ला साद घालून आणि ‘आपण’ मध्ये सामील होऊन नपुंसकलिंगी मूल सांभाळता येते. या गीताच्या दीर्घ आयुष्याची जी कारणे असतील, त्यांत हे एक मानावयास हरकत नाही.

६

१९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि जत्रेतील पाळण्याला कुंपण व तिकीट आले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले, आणि त्याच वर्षी मुंबईत मुलांना डॉक्टर, वैमानिक, अग्निशामक होऊन पाहू देणारे किडझेनिया. जत्रेत खेळणे विकत घेतले जाई. आनंदबागेत प्रसंगच विकत घेतला जातो. या उद्योगाचा आदर्श असलेल्या डिस्नेलँडची स्थापना १९५५ ची. त्या कंपनीने २००० च्या सुमारास आपल्या चित्रपटांतील राजकन्यांना एकत्र आणून ‘डिस्ने प्रिन्सेस’ हे विक्रीनाम तयार केले. व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये लोककथेचे रूपशास्त्र मांडताना राजकन्येला एक कार्यक्षेत्र मानले होते. ती कथेत काही घडवून आणते किंवा तिच्यामुळे काही घडते. विक्रीनामातील राजकन्या आपापल्या गोष्टीतून उपटून एका वेष्टनावर शेजारी शेजारी उभ्या केलेल्या आहेत. कथा गेली, कार्य गेले, झगा उरला. साचेबंदपणाची ही अवस्था पूर्वीच्या कोणत्याही अवस्थेहून वेगळी आहे. परीकथेतील राजकन्या कितीही निष्क्रिय असली तरी तिच्याविषयी ‘पुढे काय झाले’ असे विचारता येत होते.

महाराष्ट्रातच या अवस्थेचा नमुना सापडतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत २०११ मध्ये फेरेरो कंपनीचा कारखाना सुरू झाला. आत खेळणे असलेली किंडर जॉयची अंडी तेथे तयार होऊ लागली, आणि काही वर्षे ती मुलांसाठी निळ्या आणि मुलींसाठी गुलाबी वेष्टनात वेगवेगळी विकली गेली. चॉकलेट तेच होते. कृष्णाकाठच्या लग्नात पुरुषाच्या डोक्यावर गुलाबी फेटा शोभतो, कुस्ती जिंकणाऱ्या मल्लावर आणि निवडून आलेल्या उमेदवारावर गुलाल उधळला जातो. ज्या मुलखात गुलाबी हा विजयी पुरुषाचा रंग होता, तेथे तो एका पिढीत बायकी ठरला, आणि मुलाच्या हाती गुलाबी अंडे पडले तर ते बदलून घेतले जाऊ लागले. चिन्हव्यवस्था यादृच्छिक असते हे भाषाशास्त्राचे सूत्र वाण्याच्या दुकानातील काउंटरवर सिद्ध झाले.

२००८ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘छोटा भीम’ने देशी कथेचा दावा केला. त्यातील चुटकी ही भीमाची मैत्रीण. तिची आई लाडू विकते, आणि ते खाऊन भीमाला बळ येते. लाडू हा पदार्थ येथे पुन्हा भेटतो. हादग्यातील लाडू वेड्या नवऱ्याच्या हाती चेंडू होतो आणि त्याची फजिती करतो. चुटकीचा लाडू वीराच्या सामर्थ्याचे साधन होतो. करणारी दोन्हीकडे बाईच आहे. पण पहिल्या गाण्यात गोष्ट सांगणारीही तीच होती. बाजाराने मुलीकडून भातुकली काढून घेतली नाही. त्याने भातुकली राहू दिली आणि तिच्यावरचे हसू काढून घेतले.

७

अलीकडच्या काळात काही गोष्टी बदलल्या आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत आई आणि वडील दोघेही भाजी निवडताना दाखवले गेले. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तालमीच्या मातीवर तिच्यासाठी उधळलेल्या गुलालाने रंगाचा तो जुना अर्थ एका मुलीपर्यंत आणला. आगरकरांच्या ‘एकच’ आणि ‘एकत्र’ या आग्रहाला शाळेबाहेर मिळालेले हे उत्तर आहे, असे म्हणता येईल.

तरीही भूमिकांची अदलाबदल हे या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नव्हे. वडिलांच्या हाती भाजी आणि मुलीच्या अंगावर लांग आली, तरी ते चित्र काढणारे मोठेच असतात आणि मूल ते पाहणारे राहते. हादग्याच्या अंगणात मुलगी बंदिस्त होती. पण तिथे गाणे तिचे होते, त्याला कडवे जोडण्याचा अधिकार तिचा होता, आणि हसायचे कुठे हे ती ठरवत होती. आज हादगा बहुतेक ठिकाणी शाळेने किंवा महिला मंडळाने एका दिवसात उरकण्याचा कार्यक्रम झाला आहे. गाणी ध्वनिक्षेपकावर वाजतात आणि मुली त्या तालावर फिरतात. अंगण खुले झाले त्याच सुमारास आवाज हरवला. हे दोन्ही एकत्र राखणे शक्य होते की नाही, याचे उत्तर इतिहासाने दिलेले नाही. कारण कोणी तसा प्रयत्नच केला नाही.

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेपुढे म्हणून दोन कामे आहेत. चिंगीसारखी मागे पडलेली पात्रे पुन्हा वाचणे हे एक. दुसरे अधिक कठीण आहे : मुले आपसांत जे बोलतात, रचतात, चिडवतात आणि गातात, ती सामग्री वाङ्मय म्हणून ऐकणे. सांगलीकडची एखादी मुलगी आजही खेळून घरी येताना दारातून ‘आई, मी आलो’ म्हणून हाक मारते. वहीत ते वाक्य दुरुस्त होते. समीक्षेने निदान ते दुरुस्तीपूर्वी नोंदवून ठेवावे.